भरलेली कळशी रिकामी का दिसते?

‘मी घरीच ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर कॅरॅक्टर ॲनिमेशन शिकते आहे. डेमो रीलसाठी (कामाचे नमुने दाखवणाऱ्या व्हिडिओसाठी) पाच सेकंदांचा, सेकंदाला २४ फ्रेमच्या गतीचा शॉट करते आहे. गावातली एक बाई नळाखालची भरलेली कळशी उचलून कडेवर घेते आणि चालायला लागते. घरातली प्लॅस्टिकची कळशी घेऊन, ती भरलेली आहे असा अभिनय करत मी मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ काढला. तो ब्लेंडरमध्ये कॅमेऱ्याच्या बॅकग्राउंडला, पात्राच्या मागे लावला आणि दर दुसऱ्या फ्रेमला पोझ जुळवत गेले. तरी हालचाल तरंगल्यासारखी दिसते आणि कळशी रिकामी वाटते. शिवाय व्हिडिओतलं सगळं पाच सेकंदांत बसत नाही, शेवटची पावलं बाहेर राहतात. सर म्हणतात, “रेफरन्स नीट वापर.” म्हणजे नेमकं काय करू? आणि व्हिडिओ बघून करणं ही नक्कलच नाही का?’
– स., सांगली

प्रिय स.,

‘पाच सेकंदांत बसत नाही’ असं तुम्ही जाता जाता लिहिलं आहे, पण तरंगण्याचं पहिलं कारण तिथेच आहे. तुमचा फोन बहुधा सेकंदाला ३० फ्रेम टिपतो आणि सीन २४ चा आहे. कॅमेऱ्याच्या बॅकग्राउंडला लावलेल्या व्हिडिओचा मूळ वेग ब्लेंडर बघत नाही. सीनची एक फ्रेम पुढे गेली की व्हिडिओचीही एकच फ्रेम पुढे जाते. पाच सेकंदांच्या चित्रीकरणात १५० फ्रेम असतात आणि २४ च्या सीनमध्ये त्या संपायला सव्वासहा सेकंद लागतात. म्हणजे सगळी हालचाल सव्वापट संथ झाली. वेळ सव्वापट ताणला की गुरुत्वाकर्षण सव्वाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी भासतं, जेमतेम ६४ टक्के उरतं. पोझ कितीही अचूक जुळवल्या तरी अशा जगात कुठल्याच वस्तूला वजन येणार नाही.

म्हणून आधी व्हिडिओचा वेळ दुरुस्त करा. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्याच्या व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेमरेट २४ निवडा आणि त्याखाली ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर खूण करा. ही खूण विसरू नका. बरेच फोन प्रकाश कमी झाला की फ्रेमची गती आपोआप उतरवतात, त्यामुळे एकाच व्हिडिओत काही सेकंद ३० ने आणि काही त्याहून कमी गतीने टिपलेले असतात. तशी फाइल थेट वापरली तर सुरुवातीला जुळलेली पोझ शेवटाकडे सरकत जाते.

३० वरून २४ वर येताना दर पाच फ्रेममागे एक गळते. जिथे ती गळते तिथे हात एका फ्रेममध्ये जवळपास दुप्पट अंतर कापताना दिसतो. ती उडी हाताने मारलेली नाही, रूपांतरातून आली आहे, तेव्हा ती ॲनिमेशनमध्ये उतरवू नका. फोनमध्ये २४ चा पर्याय असेल तर नव्याने चित्रीकरण करताना तोच घ्या, म्हणजे ही भानगडच उरत नाही.

वेळ बरोबर आहे का, हे तपासायची सोपी खूण आहे. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर १.२ मीटर उंचीवरून टेनिस बॉल सोडा. तेवढं अंतर पडायला अर्धा सेकंद लागतो. रूपांतर झालेल्या व्हिडिओत बॉल हातातून सुटल्यापासून जमिनीला लागेपर्यंत १२ फ्रेम भरल्या पाहिजेत. १५ भरल्या तर व्हिडिओ अजून ३० चाच आहे. एखाद्या फ्रेमचा फरक चालेल, तीनचा चालणार नाही.

दुसरं कारण कळशीच. रिकामी कळशी घेऊन भरलेलीचा अभिनय उत्तम नटालाही पुरता साधत नाही, कारण वजन उचलताना शरीर जे करतं त्यातलं बरंचसं आपण ठरवून करत नाही. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, त्यात पितळेचं किंवा स्टीलचं भांडं. एवढं वजन एका बाजूला आलं की धड विरुद्ध बाजूला कलतं, मोकळा हात बाहेर जातो, मान वेगळ्या कोनात सावरते, गुडघा किंचित दबतो. रिकाम्या कळशीच्या वेळी यातलं काही घडत नाही. अभिनय करणारा माणूस चेहऱ्यावर कष्ट आणतो, पण त्याचं कंबरडं सरळच राहतं. बघणाऱ्याला काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं नक्की.

तेव्हा खरी, भरलेली कळशी घ्या. सवय नसेल तर आधी अर्धी भरून दोनतीनदा उचलून बघा, जमीन कोरडी ठेवा, आणि पाठीचं दुखणं असेल तर स्वतः उचलूच नका.

खरं तर या शॉटसाठी तुम्ही स्वतः योग्य नट नाही, आणि हे मी तुमच्या भल्यासाठीच म्हणतो आहे. तुमच्या गोष्टीतली बाई रोज पाणी भरते. सवयीचा माणूस कळशीकडे बघतही नाही, हात आपसूक काठावर जातो, उचलताना वायफळ हालचाल होत नाही. नवखा माणूस पकड शोधतो, दोनदा सावरतो, पाय कुठे ठेवायचे याचा विचार करतो. तुमच्या व्हिडिओवरून केलेलं पात्र नवखंच दिसेल. घरातली आजी, शेजारच्या काकू, ज्यांनी आयुष्यभर पाणी वाहिलं आहे अशा कोणालातरी विचारा, कशासाठी हवं आहे ते सांगा आणि त्यांची हरकत नसेल तरच चित्रीकरण करा. नळावर पाणी भरणाऱ्या बायकांचं त्यांच्या नकळत चित्रीकरण मात्र करू नका. स्वतःचा भरल्या कळशीचा व्हिडिओही काढाच. ताण नेमका कुठे येतो आणि श्वास कधी सुटतो हे दुसऱ्याचा व्हिडिओ बघून कळत नाही.

चित्रीकरणाची मांडणी सांगतो. दोन फोन मिळाले तर फार बरं. एक तुमच्या शॉटच्या कॅमेऱ्याच्या कोनात आणि उंचीवर, दुसरा काटकोनात बाजूने. सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे नंतर दोन्ही व्हिडिओ त्या आवाजावर जुळवता येतात. फोन हातात धरू नका, स्टुलावर किंवा ट्रायपॉडवर पक्का बसवा. तीन ते चार मीटर लांब जा आणि साधी १ एक्सची लेन्स वापरा. जवळून ०.५ एक्सने घेतलं तर पुढे आलेला हात आणि गुडघा नको इतके मोठे दिसतात आणि तीच विकृती तुमच्या पोझमध्ये उतरते. पाय पूर्ण दिसले पाहिजेत, खाली वीतभर जमीनही दिसली पाहिजे. टाच कधी टेकली आणि कधी उचलली हे ज्या व्हिडिओत दिसत नाही तो या कामाला निरुपयोगी आहे. फरशी असेल तर तिच्या सांध्यांनी पावलाचं अंतर मोजता येतं. नसेल तर खडूने तीस-तीस सेंटिमीटरवर रेषा मारा.

कपडे अंगाबरोबर राहणारे हवेत. साडी किंवा सैल कुडत्यात कंबरेचा कल दिसत नाही, आणि या शॉटचा जीव कंबरेत आहे. काकू साडीतच असतील तर दोन्ही बाजूंना कंबरेच्या हाडाच्या जागी, खांद्यांवर आणि गुडघ्यांवर रंगीत इन्सुलेशन टेपचे तुकडे लावून घ्या. नंतर फ्रेम थांबवली की दोन तुकडे जोडणारी रेघ कुठे कलली ते लगेच कळतं.

प्रकाश दिवसाचाच घ्या, शक्यतो अंगणात. भर उजेडात फोनचा शटर वेगाने चालतो आणि हाताची कड स्पष्ट येते. खोलीत कमी उजेडात हात पुसट पट्ट्यासारखा येतो आणि नेमका तो कुठे आहे हे अंदाजाने ठरवावं लागतं. फोनमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/२५० ठेवा. घरातच घ्यावं लागलं आणि जुन्या ट्यूबलाइट असतील तर १/१०० वर या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते आणि त्याहून वेगवान शटरला चित्रात काळे पट्टे सरकतात.

पुढच्या कॅमेऱ्याने घेतलं तर काही फोन उलटी, आरशातली प्रतिमा जतन करतात. एका हातात घड्याळ घाला, डावं-उजवं कळेल. टेक पाच-सहा तरी घ्या. पहिल्या दोनांत माणूस कॅमेऱ्यासाठी वागत असतो. तिसऱ्या-चौथ्यात कंटाळा येतो आणि हालचाल खरी व्हायला लागते.

आता व्हिडिओ वाचायचा कसा. तो थेट रिगच्या (पात्राच्या हलवता येणाऱ्या सांगाड्याच्या) मागे, पात्राच्या मापाला जुळवून लावणं थांबवा. कॅमेऱ्याच्या बॅकग्राउंड इमेजमध्ये स्केल आणि ऑफसेट असतात. त्यांनी व्हिडिओ लहान करून कोपऱ्यात ठेवा. पात्राच्या खाली माणूस दिसत राहिला की हात आपोआप कडा गिरवायला लागतो, आणि तुमच्या रिगचं डोकं मोठं आणि हात आखूड असतील तर त्या कडा जुळणारच नाहीत. मग रिग ओढून-ताणून जुळवली जाते आणि तोल जातो.

आधी व्हिडिओ न थांबवता दहा वेळा बघा. नंतर एकेक फ्रेम पुढे-मागे करत कागदावर आकडे लिहा. व्हीएलसीत ‘ई’ दाबून फ्रेम पुढे जाते, पण मागे येता येत नाही, म्हणून ब्लेंडरच्या टाइमलाइनवर किंवा कीफ्रेम एमपी या मोफत प्लेअरमध्ये हे काम सोपं जातं.

कळशीच्या बाबतीत मला या नऊ जागा सापडायला हव्यात असं वाटतं. बाई उभी आहे. ती वाकली, एक हात काठाला आणि एक बुडाला. ताण आला आहे पण कळशी अजून जमिनीवरच आहे. कळशी जमिनीवरून सुटली. मांडीवर टेकली. तिथून झोक्याने कडेवर बसली. त्या धक्क्याने शरीर दबलं. सावरून उभी राहिली. पहिलं पाऊल टेकलं. प्रत्येकाचा फ्रेम क्रमांक लिहा आणि दोन जागांमध्ये किती फ्रेम गेल्या ते शेजारी लिहा. पाच सेकंदांचा हा सगळा सांगाडा एका पानावर मावतो.

यातली तिसरी जागा सर्वात मोलाची आहे आणि तुमच्या शॉटमध्ये ती बहुधा नाहीच. जड वस्तू धरल्यावर लगेच उठत नाही. हातातला सैलपणा आधी संपतो, कोपर सरळ होतं, खांदा खाली ओढला जातो, कंबर कळशीच्या वर सरकते. एवढं सगळं होत असताना कळशी तसूभरही हललेली नसते. हात लागताक्षणी वस्तू उठली की बघणारा तिला हलकी समजतो. तुमच्या व्हिडिओत हा ताण किती फ्रेम टिकतो ते मोजा. रिकाम्या कळशीच्या व्हिडिओत तो दोनतीन फ्रेमच सापडेल. नंतर उठतानाही क्रम बघा: आधी कंबर वर येते, मग छाती, सर्वात शेवटी डोकं. सगळं एकाच फ्रेमला सुरू झालं की बाहुली उठल्यासारखी दिसते.

कडेवर कळशी बसली की कंबर तिच्याखाली फळीसारखी बाहेर काढली जाते. कळशी डाव्या कडेवर असेल तर डावी कंबर बाहेर आणि वर, भार डाव्या पायावर, धड उजवीकडे कललेलं, उजवा हात अंगापासून दूर. प्रत्येक मुख्य फ्रेमवर ब्लेंडरच्या ॲनोटेट टूलने तीन रेघा काढा: कंबरेची, खांद्यांची आणि मणक्याची वळणरेषा. कंबर आणि खांदे इथे एकमेकांविरुद्ध कललेले दिसतील. तेवढ्यावरून पोझ उभी करता येते.

आता तुमच्या ‘नक्कल’ या शंकेकडे येतो. चित्रीकरणावरून ॲनिमेशन करण्याचा मार्ग जुना आहे. मॅक्स फ्लायशर यांना रोटोस्कोप यंत्राचं पेटंट १९१७ साली मिळालं. त्यात चित्रपटाची एकेक फ्रेम काचेवर पाडून गिरवली जायची. डिस्नेच्या १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’साठी मार्ज चॅम्पियन या नर्तिकेच्या हालचाली चित्रित करून ॲनिमेटरांना दिल्या होत्या. फक्त गिरवलेलं चित्र मात्र निर्जीव होतं, हे तिथल्या ॲनिमेटरांना तेव्हाच कळलं होतं. खऱ्या माणसाच्या हालचालीत शेकडो बारीकसारीक गोष्टी चालू असतात. त्यातल्या कोणत्या ठेवायच्या, कोणत्या गाळायच्या आणि कोणत्या वाढवायच्या हे ठरवणं तुमचं काम आहे, आणि ते व्हिडिओ करून देत नाही. तेव्हा रेफरन्स बिनदिक्कत वापरा. दर दुसऱ्या फ्रेमला की (पोझची नोंद) लावणं मात्र थांबवा, कारण तिथे तुम्ही काहीच ठरवत नव्हता.

रिग हलवायचे पंधरा-वीस कंट्रोल आणि दर दुसऱ्या फ्रेमला की म्हणजे हजाराच्या आसपास की. त्यात एका जागी पोझ बदलली की शेजारच्या की तिला मागे ओढतात. ग्राफ एडिटरमध्ये हालचालीची रेषा करवतीच्या दातांसारखी दिसते आणि तीच थरथर पडद्यावर येते. फाइलची प्रत करून ठेवा. प्रतीत, वेळ दुरुस्त केलेल्या व्हिडिओतल्या नऊ फ्रेम क्रमांकांवर नव्याने पोझ करा, प्रत्येक पोझला सगळ्या कंट्रोलना की द्या, बाकीच्या की डोप शीटमधून, म्हणजे सगळ्या की दाखवणाऱ्या खिडकीतून, काढून टाका. इंटरपोलेशन, म्हणजे दोन कींमधली हालचाल भरायची पद्धत, कॉन्स्टंट ठेवा. नऊ स्थिर पोझ एकापाठोपाठ उडी मारताना दिसतील. एवढ्यावरच कळशी जड वाटली पाहिजे. वाटत नसेल तर पुढे जाऊ नका, पोझ सुधारा.

सुधारणा म्हणजे वाढवणं. व्हिडिओत कंबरेची रेघ दहा अंशांनी कलली असेल तर पात्रात पंधरा-सोळा करा. मणक्याचा बाक थोडा खोल करा. ताण दहा फ्रेम असेल तर तेरा-चौदा करून बघा आणि त्यानंतरचं उचलणं दोन फ्रेमनी घट्ट करा. ताण लांबला आणि उठणं चटकन झालं की जोर दिसतो. सगळंच वाढवू नका. चालण्याची पावलं, पायाची ठेवण, डोक्याची हालचाल व्हिडिओला धरून राहू द्या, म्हणजे वाढवलेल्या दोन जागा उठून दिसतील. रिगचे हात आखूड पडून बुडापर्यंत पोहोचत नसतील तर गुडघे आणखी वाकवा. हाताला ताणू नका आणि फ्रेमही सरकवू नका.

यानंतर दोन-दोन पोझच्या मध्ये एकेक ब्रेकडाउन, म्हणजे मधली पोझ, घाला, आणि इथे व्हिडिओ पुन्हा उघडा. मधली पोझ दोन टोकांची सरासरी नसते. मांडीवरून कडेवर जाताना कळशी सरळ रेषेत जात नाही, आधी अंगाकडे येते आणि मग वर जाते. हा कंस व्हिडिओत काठाच्या टोकावर ठिपके देत उतरवा आणि रिगवर मोशन पाथ (हालचालीचा मार्ग दाखवणारी रेघ) लावून ताडून बघा.

कळशीची बांधणी उलटी ठेवा. बहुतेक शिकणारे कळशी हाताला बांधतात आणि मग हाताच्या प्रत्येक हिसक्याबरोबर ती हवेत नाचते. आधी कळशीच ॲनिमेट करा आणि दोन्ही हातांचे आयके कंट्रोल (पंजा हलवला की कोपर आपोआप जुळवणारे) ‘चाइल्ड ऑफ’ या जोडणीने तिला जोडा. पकडीच्या फ्रेमला इन्फ्लुएन्स (जोडणीचा प्रभाव) १, त्याच्या आधीच्या फ्रेमला ०. मग कळशी स्वतःच्या वजनाने हलते आणि हात तिच्यामागे जातात. कडेवर बसल्यावर तिला कंबरेच्या बोनशी (रिगच्या हाडाशी) जोडा. त्या बदलाच्या फ्रेमला कळशी जागची हलत नाही ना, हे एकेक फ्रेम करून तपासा.

आता इंटरपोलेशन बेझिएवर, म्हणजे पोझमधली हालचाल गुळगुळीत भरणाऱ्या पर्यायावर न्या आणि व्हिडिओ बंद करा. इथून पुढे त्याच्याकडे बघत राहिलात तर दुरुस्त केलेली प्रत्येक जागा परत मूळ माणसाकडे ओढली जाईल. पहिल्यांदा फक्त कंबरेचा वर-खाली जाणारा ग्राफ नीट करा, कारण वजन तिथेच दिसतं. वाकण्याची एक खोल दरी, ताणात जवळजवळ सपाट भाग, मग चढ, कळशी बसल्यावर दोनतीन फ्रेमची छोटी खळगी आणि तिथून सावकाश सावरणं. याहून जास्त चढउतार दिसले तर एखादी नको असलेली की शिल्लक आहे.

डोळ्यांचं थोडक्यात: नजर डोक्याच्या दोन ते चार फ्रेम आधी वळते, आणि पापणी मिटायला दोन, मिटलेली एक-दोन, उघडायला तीन फ्रेम पुरतात. ती कळशीकडे बघत नाही, रस्त्याकडे बघते, हे आधीच ठरवून ठेवा.

शेवटच्या पावलांसाठी इतकंच. भार डाव्या पायावर असल्यामुळे पहिलं पाऊल उजवंच पडेल. नेहमीच्या चालीत एक पाऊल साधारण १२ फ्रेमचं असतं. भरल्या कळशीने किती होतं ते व्हिडिओतूनच मोजा, तयार वॉक सायकल (पुन्हापुन्हा फिरणारी चाल) जोडू नका. धडाचा उजवीकडचा कल पावलागणिक सरळ होता कामा नये, डावा हात झुलता कामा नये, आणि पाणी सांडू नये म्हणून कळशीचा वर-खाली प्रवास डोक्याहूनही कमी ठेवा. वेळ दुरुस्त झाल्यावर तुमचा मूळ अभिनय पाच सेकंदांत बसेलच. ताण लांबवल्यामुळे चार-पाच फ्रेम जास्त झाल्या तर त्या सुरुवातीच्या उभ्या पोझमधून कापा.